स्वतःच्या शेतात बेकायदा

मेरिडेन हे इंग्लंडच्या बरोब्बर मध्यावरचं गाव मानलं जातं. बर्मिंगहॅम आणि कोव्हेंट्री या दोन शहरांच्या मधे शेतांचा जो पट्टा शिल्लक आहे, त्याला या गावावरूनच ‘मेरिडेन गॅप’ म्हणतात. तो पट्टा आहे म्हणून ही दोन शहरं एकमेकांना भिडलेली नाहीत. 30 एप्रिल 2010 ला, शुक्रवारी, पालिकेची कचेरी सोमवारची सुट्टी धरून तीन दिवसांसाठी बंद झाली आणि ईव्ह्ज ग्रीन लेनच्या कडेच्या एका शेतात कॅरॅव्हॅन, म्हणजे चाकांवरची घरं, शिरल्या. त्यांच्यामागे खडीचे ट्रक आले, माती सपाट करणारी यंत्रं आली. शेत कुणाचं बळकावलेलं नव्हतं. रोमानी जिप्सी कुटुंबांनी ते रीतसर पैसे मोजून घेतलं होतं. तिथे राहण्याची परवानगी मात्र त्यांच्याकडे नव्हती.

बातमी फुटताच गावकरी ट्रकांना आडवे गेले. नंतर त्यांनी शेताजवळच मांडव टाकला, शेकोटी पेटवली, पाळ्या लावल्या आणि दिवसरात्र पहारा सुरू केला. आणखी एकही कॅरॅव्हॅन आत जाऊ द्यायची नाही, खडीचा आणखी एकही ट्रक रिकामा होऊ द्यायचा नाही, एवढाच त्या पहाऱ्याचा हेतू होता. निवृत्त माणसं, नोकरदार, गृहिणी आळीपाळीने थंडीपावसात तिथे बसत. हे जवळपास तीन वर्षं चाललं. परवानगीचा अर्ज पालिकेने नाकारला, अपिलाची जाहीर चौकशी झाली, 2011 मध्ये मंत्र्यांनी अपील फेटाळलं, न्यायालयातही कुटुंबांच्या हाती काही लागलं नाही. 2013 च्या वसंतात त्यांनी शेत सोडलं. त्यांच्यासाठी दुसरी जागा तयार करण्याची सक्ती कायद्याने कुणावरच नव्हती.

या प्रकरणात मला दोन्ही बाजूंची माणसं खोटी वाटत नाहीत. ज्या गावात साधी पडवी वाढवायची तरी नकाशे, शुल्क आणि महिनोन्‌महिने वाट पाहणं आलं, तिथल्या माणसाला शेजारच्या शेतात एका रात्रीत वस्ती उभी राहिलेली पाहून राग येणारच. आणि जी आई रस्त्याच्या कडेला लेकरं वाढवून थकली आहे, ती सुट्टीचे तीन दिवस गाठून आपल्याच जमिनीवर खडी टाकणारच. दोष शोधायचा तर या दोघांना समोरासमोर उभं करणाऱ्या व्यवस्थेत शोधावा लागतो. इंग्लंडमध्ये ती व्यवस्था गेल्या साठेक वर्षांत कशी घडली आणि कशी मोडली, हे तारखांसह सांगता येतं.

आधी ही माणसं कोण, ते पाहू. ब्रिटनमधल्या रोमानी जिप्सींचे पूर्वज सुमारे हजार वर्षांपूर्वी भारतातून निघाले, हे भाषाशास्त्राने फार पूर्वी आणि जनुकशास्त्राने अलीकडे दाखवून दिलं आहे. सोळाव्या शतकाच्या सुरुवातीला ते ब्रिटनमध्ये पोचले. 1530 मध्ये आठव्या हेन्रीच्या राज्यात त्यांना देशाबाहेर घालवणारा कायदा झाला. दिसायला सावळे, म्हणून त्यांना ‘इजिप्शियन’ समजलं गेलं होतं. आयरिश ट्रॅव्हलर हा वेगळा समाज. तो मूळचा आयर्लंडचाच आहे, भारताशी त्याचा संबंध नाही. कायद्याच्या आणि नगररचनेच्या भाषेत मात्र दोघांना एकत्र बांधलेलं असतं. 2021 च्या जनगणनेत इंग्लंड आणि वेल्समध्ये स्वतःची नोंद ‘जिप्सी किंवा आयरिश ट्रॅव्हलर’ अशी करणारे सुमारे 70 हजार लोक होते. त्यांतले बहुतेक आज घरांत राहतात. इंग्लंडमध्ये वर्षातून दोनदा त्यांच्या कॅरॅव्हॅनची सरकारी मोजणी होते. तो आकडा 25 हजारांच्या आसपास असतो. साडेपाच कोटींहून अधिक लोकसंख्येच्या देशात एवढ्या गाड्यांना जागा मिळत नाही, ही या लेखाची सगळी गोष्ट आहे.

दुसऱ्या महायुद्धापर्यंत त्यांचा मुक्काम हंगामावर ठरे. केंटमध्ये हॉप्सची तोडणी, कुठे वाटाण्याच्या शेंगा, कुठे सफरचंदं. शेतकऱ्याला मजूर हवे असत, म्हणून तो बांधाला जागा देई. गावच्या माळांवरही जुने तळ होते. यंत्रं आली आणि शेतावरची ती गरज संपत गेली. 1960 च्या कायद्याने कॅरॅव्हॅन उभी करायला जमीनमालकाला परवाना बंधनकारक केला आणि पालिकांना माळ बंद करण्याचा अधिकार दिला. जुने तळ एकामागून एक बंद झाले. रस्त्याच्या कडेला थांबायचं, पोलिसांनी हाकललं की पुढच्या हद्दीत जायचं, हा क्रम तेव्हापासूनचा.

ओर्पिंग्टनचे लिबरल खासदार एरिक ल्युबॉक यांनी खाजगी विधेयक आणून 1968 चा कॅरॅव्हॅन साइट्स अ‍ॅक्ट मंजूर करून घेतला, आणि 1970 पासून स्थानिक संस्थांवर जिप्सींसाठी तळ बांधण्याचं कर्तव्य आलं. पुरेशी सोय करणाऱ्या पालिकेला इतरत्र थांबलेल्यांना हलवण्याचे जादा अधिकार मिळत. पालिकांनी टाळाटाळ खूप केली. तरी दोन तपांत तीनशेहून अधिक तळ उभे राहिले. आज जे सरकारी तळ आहेत, त्यांतले बरेचसे त्याच काळातले. 1994 मध्ये जॉन मेजर यांच्या सरकारने क्रिमिनल जस्टिस अँड पब्लिक ऑर्डर अ‍ॅक्ट आणला, ते कर्तव्य काढून टाकलं आणि तळांसाठीचं अनुदानही थांबवलं. जिप्सींना सांगण्यात आलं की स्वतः जमीन घ्या आणि इतरांसारखा परवानगीचा अर्ज करा.

त्यांनी सांगितल्याप्रमाणे जमिनी घेतल्या, आणि खरा पेच तिथून सुरू झाला.

घरबांधणीला योग्य ठरलेल्या जमिनीचा भाव इंग्लंडमध्ये एकरी लाखो पौंडांत जातो, तर कुरणाची जमीन काही हजारांत मिळते. ट्रॅव्हलर कुटुंबाला परवडते ती दुसरी. शहराभोवतीचं कुरण बहुधा ग्रीन बेल्टमध्ये, म्हणजे शहर पसरू नये म्हणून बांधकामापासून राखलेल्या पट्ट्यात, येतं. ग्रीन बेल्टमध्ये ट्रॅव्हलरांचा तळ हे, डिसेंबर 2024 पासूनचे काही अपवाद सोडले तर, ‘अनुचित बांधकाम’ आहे, असं राष्ट्रीय धोरणच सांगतं. ‘अत्यंत विशेष परिस्थिती’ सिद्ध केली तरच परवानगी. पालिकेने आपल्या विकास आराखड्यात दुसरीकडे जागा राखून ठेवली असेल तर प्रश्नच नाही, पण ती ठेवलेली नसते. आराखड्यासाठी जमिनी सुचवा, अशी जाहीर हाक पालिका देते तेव्हा घरबांधणीसाठी शेकडो शेतं पुढे येतात आणि ट्रॅव्हलरांसाठी जवळपास एकही येत नाही. मग अधिकारी पालिकेच्या मालकीच्या तुकड्यांची यादी काढतात. यादी जाहीर झाली की प्रत्येक तुकड्याच्या आसपास फलक लागतात, सभा भरतात, नगरसेवकाला पत्रं जातात. पुढची निवडणूक तोंडावर असते. यादी मागे घेतली जाते, ‘आणखी अभ्यास’ सुरू होतो.

अर्ज समितीपुढे येतो तेव्हा काय होतं, तेही पाहण्यासारखं आहे. सार्वजनिक रस्त्याच्या खांबाला पालिकेची नोटीस लागते. हरकतींसाठी तीन आठवडे मिळतात. समितीच्या बैठकीत बोलायला साधारणपणे प्रत्येकी तीन मिनिटं. हरकतींचे मुद्दे बहुतेक ठिकाणी तेच: अरुंद रस्ता, सांडपाणी, पुराचा धोका, देखावा बिघडेल, शाळेत जागा नाही, दवाखान्यावर ताण. यांतले काही खरे असतात. पण चाळीस घरांची वसाहत आली तरी हेच मुद्दे येतात, आणि तिथे नाली मोठी करून, रस्ता रुंद करून मार्ग निघतो. चार कॅरॅव्हॅनच्या तळाला तो काढायची तयारी नसते. रोमानी जिप्सी हा वांशिक समाज आहे, हे इंग्लंडच्या न्यायालयाने 1988 मध्ये आणि आयरिश ट्रॅव्हलरांबाबत 2000 मध्ये मान्य केलं. त्यामुळे ‘ती माणसं नकोत’ ही हरकत विचारात घेता येत नाही, अशी पत्रं पालिकेला झाकून किंवा वगळून ठेवावी लागतात. मनात काय असतं, ते कधी उघडही होतं. 2003 मध्ये ससेक्समधल्या फर्ल गावाने आपल्या शरद ऋतूतल्या होळीत एक नकली कॅरॅव्हॅन जाळली. तिच्या खिडक्यांत माणसं रंगवलेली होती आणि नंबरप्लेटवर जिप्सींना दिली जाणारी शिवी होती.

नकाशावरच्या एका बारीक गोष्टीवर मी मुद्दाम थांबते. एका कुटुंबाच्या जागेला ‘पिच’ म्हणतात. तिच्यात एक मोठी कॅरॅव्हॅन, एक प्रवासाची छोटी, गाडी उभी करायला जागा आणि एक विटांची खोली असते. त्या खोलीत मोरी, संडास, कपडे धुण्याचं यंत्र आणि स्वयंपाकाचा ओटा. हरकत घेणाऱ्यांना ही खोली म्हणजे मागच्या दाराने आणलेला बंगला वाटतो, आणि ती लहान करा, काढून टाका असा आग्रह धरला जातो. जुन्या वळणाच्या रोमानी घरात अंग धुण्याचं आणि भांडी घासण्याचं भांडं एक चालत नाही. निजायच्या जागेत संडास असणं त्यांना किळसवाणं वाटतं. आपल्या आज्ज्यांच्या सोवळ्या-ओवळ्याइतकेच हे नियम काटेकोर आहेत. राहती गाडी शुद्ध ठेवायची तर पाण्याची आणि मैल्याची कामं बाहेरच्या खोलीत न्यावीच लागतात. जागा कुठे, याच्या वादात ती जागा कशी असावी, हे तिथे राहणाऱ्यांना फार कमी वेळा विचारलं जातं.

डेल फार्मचं नाव वाचकांनी ऐकलं असेल. एसेक्समध्ये बॅसिल्डनजवळ क्रेज हिल नावाचं गाव आहे. तिथे भंगाराच्या एका जुन्या आवाराशेजारी आयरिश ट्रॅव्हलरांनी जमिनी घेतल्या. अर्ध्या भागाला परवानगी होती. उरलेला अर्धा ग्रीन बेल्टमध्ये होता आणि त्याला ती मिळाली नाही. दोन्ही मिळून वस्ती हजाराच्या घरात गेली, तेव्हा ती ब्रिटनमधली अशी सर्वांत मोठी वस्ती मानली जात होती. गावातल्या प्राथमिक शाळेतून इतर पालकांनी मुलं काढून घेतली आणि पटावर जवळजवळ सगळी ट्रॅव्हलरांचीच मुलं उरली. दहा वर्षं कोर्टकचेऱ्या झाल्या. कायदा सर्वांना सारखा, ही पालिकेची भूमिका होती. तिने पर्याय म्हणून विटांची घरं देऊ केली. कॅरॅव्हॅनमध्ये, नात्यागोत्याच्या घोळक्यात जन्म काढलेल्या माणसांना ती नको होती. वंशभेदाविरुद्धच्या संयुक्त राष्ट्रांच्या समितीने कारवाई थांबवायला सांगितलं, त्याचा उपयोग झाला नाही.

19 ऑक्टोबर 2011 ला सकाळी दंगलविरोधी पोलीस मागच्या बाजूने कुंपण तोडून आत शिरले. टेझर वापरले गेले. फाटकावर कार्यकर्त्यांनी बांधलेला पाइपांचा मनोरा उतरवायला दिवस गेला. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी उरलेली कुटुंबं आणि त्यांच्यासोबतचे कार्यकर्ते एकत्र चालत बाहेर पडले. ऐंशीच्या वर कुटुंबांचे प्लॉट रिकामे झाले. कुणी परत येऊ नये म्हणून ते खोदून मातीचे बांध घातले गेले. पालिका आणि पोलीस यांचा मिळून खर्च सुमारे 70 लाख पौंड झाला. उठवलेल्यांपैकी अनेक कुटुंबं नंतर शेजारच्या रस्त्याच्या कडेला आणि परवानगी असलेल्या भागात दाटीवाटीने राहिली. नळ नाही, वीज धड नाही. एवढ्या पैशांत बॅसिल्डनने किती तळ बांधले असते, हा हिशेब तेव्हा कुणी मतदारांपुढे मांडला नाही, याचा मला आजही राग येतो.

सरकारी तळ जिथे झाले, ती ठिकाणंही पाहा. लंडनमध्ये स्टेबल वे हा तळ वेस्टवे या उन्नत महामार्गाच्या खाली, रस्त्यांच्या जाळ्यात सापडलेला आहे. डोक्यावर चोवीस तास रहदारी आणि खाली लेकरांचं अंगण. कार्डिफमधला रोव्हर वे तळ पोलाद कारखाना आणि सांडपाणी केंद्राच्या शेजारात आहे. लीड्सचं कॉटिंग्ली स्प्रिंग्ज बाह्यवळण रस्त्याच्या पलीकडे. पूर्व लंडनमधल्या क्लेज लेनची कुटुंबं 2012 च्या ऑलिंपिकसाठी उठवून दुसरीकडे हलवली गेली. कुणालाच नको असलेली जमीन यांच्या वाट्याला येते. मग त्या जमिनीची अवकळा बघून लोक म्हणतात, ही माणसं राहतात तिथे असंच होतं.

समुद्रापलीकडे आयर्लंडमध्ये 1998 पासून प्रत्येक काउंटीला ट्रॅव्हलरांच्या निवासाचा पंचवार्षिक आराखडा करावा लागतो. कागदावर कायदा चांगला आहे, पण अनेक काउंट्या मिळालेला पैसाही खर्च करत नाहीत. 10 ऑक्टोबर 2015 च्या पहाटे डब्लिनच्या कॅरिकमाइन्स भागातल्या तात्पुरत्या तळावर आग लागली. दहा माणसं गेली, त्यांत पाच मुलं. वाचलेल्या आप्तांना जवळच्याच एका मोकळ्या तुकड्यावर तात्पुरतं ठेवायचं पालिकेने ठरवलं, तर तिथल्या रहिवाशांनी गाड्या आडव्या लावून यंत्रांची वाट अडवली. अंत्यसंस्कारही व्हायचे होते. शेवटी त्या कुटुंबांना वाहनतळासाठीच्या जागेवर ठेवण्यात आलं. हा प्रसंग वाचल्यावर रस्ता, नाली आणि देखाव्याच्या हरकतींवर पूर्वीसारखा विश्वास ठेवणं मला जमत नाही.

इंग्लंडमधल्या सरकारांनी मधल्या काळात जागांऐवजी व्याख्येवर काम केलं. 2015 च्या धोरणात म्हटलं गेलं की ज्यांनी फिरणं कायमचं थांबवलं, ते नगररचनेच्या हेतूने ट्रॅव्हलर नाहीत. म्हातारपणामुळे, आजारामुळे, मुलाच्या अपंगत्वामुळे जे थांबले, त्यांची गरज एका फटक्यात मोजणीतून गळली. पालिकांचे गरजेचे आकडे खाली आले. अपंग मुलांना सांभाळणाऱ्या एका कुटुंबाच्या दाव्यात ऑक्टोबर 2022 मध्ये अपील न्यायालयाने हे भेदभावाचं ठरवलं. डिसेंबर 2023 मध्ये सरकारला जुनी व्याख्या परत आणावी लागली आणि 2024 च्या डिसेंबरात ती आणखी रुंद झाली. ग्रीन बेल्टमधल्या तळांची सगळी अपिलं स्वतःकडे ओढून घेण्याची मंत्री एरिक पिकल्स यांची पद्धतही उच्च न्यायालयाने जानेवारी 2015 मध्ये भेदभावाची ठरवली होती. म्हणजे न्यायालयं मधूनमधून चूक दाखवतात, पण एकही पिच बांधू शकत नाहीत. 2022 च्या पोलीस कायद्याने तर परवानगीशिवाय गाडी लावून मुक्काम करणं, त्यातून मोठं नुकसान, अडथळा किंवा त्रास होत असेल आणि सांगूनही गाडी हलवली नाही तर, फौजदारी गुन्हा केलं. तीन महिन्यांपर्यंत कैद, अडीच हजार पौंडांपर्यंत दंड, आणि गाडी, म्हणजे घरच, जप्त.

मराठी वाचकाला हे सगळं ओळखीचं वाटावं. ज्या साम्राज्याने 1871 मध्ये कायदा करून इथल्या भटक्यांना जन्मजात गुन्हेगार ठरवलं, सोलापूरच्या तारेच्या कुंपणात हजेरीला उभं केलं, त्याच्या मायदेशातली ही हकिगत आहे. आपण 1952 मध्ये तो कायदा रद्द केला. भटक्यांच्या प्रश्नावर बाळकृष्ण रेणके यांच्या आयोगाने 2008 मध्ये अहवाल दिला. तरी पारध्यांचं पाल गावाच्या हद्दीत पडलं की अजूनही ग्रामसभेत काय बोललं जातं, ते आपल्याला ठाऊक आहे.

मार्ग नाही, असं नाही. लीड्समध्ये रस्त्याकडेला थांबणारी कुटुंबं, लीड्स गेट ही त्यांची संस्था आणि पालिका यांनी 2011 च्या सुमारास एक साधी पद्धत बसवली. कुटुंबं थांबली की पालिकेचा माणूस जाऊन बोलतो. ही जागा धोक्याची असेल तर ती दुसरी घ्या, इतके दिवस, इतक्या गाड्या. पालिका कचऱ्याची पेटी आणि फिरते संडास देते. कुटुंबं जागा स्वच्छ ठेवायची आणि ठरलेल्या दिवशी निघायची हमी देतात. वकील, बेलीफ, साफसफाई यांवरचा पालिकेचा खर्च यामुळे वाचला. शेजाऱ्यांच्या तक्रारीही कमी झाल्या, कारण तक्रार बहुतेकदा कचऱ्याची असते आणि पेटी नसली की कचरा होणारच. अर्थात ही सोय थांब्यापुरती आहे, कायमच्या तळाची गरज तिने भागत नाही. त्यासाठी वेल्सकडे बघावं लागतं. तिथे 2014 च्या गृहनिर्माण कायद्याने गरज सिद्ध झाल्यावर तळ देण्याचं कर्तव्य पालिकांवर पुन्हा आणलं. अंमलबजावणी संथ आहे, पण कुटुंबाला बोट ठेवायला कायद्याचं कलम तरी आहे.

इंग्लंडनेही 1994 मध्ये काढलेलं कर्तव्य परत आणायला हवं, हे माझं स्पष्ट मत आहे. नगरसेवकाच्या धाडसावर सोडलेला प्रश्न त्या देशात सुटलेला नाही आणि पुढेही सुटणार नाही. कायद्याने बांधील असला तरच तो मतदारांना सांगू शकतो की तळ होणारच आहे, तो कुठे आणि कसा नीट करायचा ते बोला. नव्या मोठ्या वसाहतींच्या आराखड्यातच पाच-सात पिच धरले, तर शाळा, नाली आणि रस्ता सगळ्यांसाठी एकदमच होतो. बांधकाम कंपन्या पैसे भरून ही अट टाळायला बघतात, तेवढी पळवाट बंद करावी लागेल.

हा अंक ब्रिटनमध्येही वाचला जातो, म्हणून तिथल्या वाचकांसाठी दोन शब्द. तुमच्या भागाच्या विकास आराखड्यावर मत देण्याचा अधिकार तुम्हाला रहिवासी म्हणून आहे. भारतीय पासपोर्ट असला तरी राष्ट्रकुलाचे नागरिक म्हणून तिथल्या स्थानिक निवडणुकीत तुम्हाला मतदान करता येतं. कोपऱ्यावरच्या खांबाला तळाच्या अर्जाची नोटीस दिसेल, शेजारी हरकतीच्या पत्रावर सही मागायला येईल. सही करण्याआधी तो अर्ज आणि नकाशा पूर्ण वाचा, आणि मुदत संपायच्या आत आपलं मत स्वतःच्या शब्दांत, स्वतःच्या नावाने पाठवा.